इमेजिंगच्या पेनड्राइव्हला लॅन दिसत नाही तेव्हा

कोकणातल्या शाळा-कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबची कामं मे महिन्यात एकदम अंगावर येतात. जूनला वर्ग भरायच्या आत सगळं चालू हवं असतं. तीस-चाळीस मशीनवर एकेक करून विंडोज टाकत कोणी बसत नाही. एक मशीन नीट तयार करायचं, त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, काढून सर्व्हरवर ठेवायची आणि बाकीच्यांवर नेटवर्कवरून उतरवायची. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडच्या दुकानांत नव्याने कामाला लागलेली मुलं इथेच अडकतात. पेनड्राइव्हवरून मशीन बूट होतं, काळी खिडकी येते, पण सर्व्हर काही सापडत नाही.

पहिला गोंधळ असा असतो, की 'इमेजमध्ये लॅनचा ड्रायव्हर आहे, मग इथे का नाही?' (लॅन म्हणजे केबलचं नेटवर्क, ड्रायव्हर म्हणजे त्याचं कार्ड विंडोजला चालवता यावं म्हणून लागणाऱ्या फाइली.) पेनड्राइव्हवर असतं ते विनपीई, म्हणजे स्वतःचे ड्रायव्हर स्वतःजवळ बाळगणारं छोटं वेगळं विंडोज. इमेज अजून सर्व्हरवर पडून आहे. तिच्यातला ड्रायव्हर तिच्यापर्यंत पोचायला कसा उपयोगी पडणार? इमेजसाठी एक आणि बूट डिस्कसाठी एक, असे दोन संच वेगळे सांभाळायचे.

पण ड्रायव्हर शोधायला धावण्याआधी त्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही कमांड मारा. नुसतं शीर्षक आलं आणि खाली एकही अ‍ॅडॅप्टर नसेल, तर ड्रायव्हरच नाही. अ‍ॅडॅप्टर आहे पण 'मीडिया डिस्कनेक्टेड' म्हणतोय, तर ड्रायव्हर ठीक आहे, केबल किंवा स्विचचा पोर्ट बघा. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर ड्रायव्हर आणि केबल दोन्ही चालू आहेत, पण डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नाही. काही मॅनेज्ड (सेटिंग करता येणारे) स्विच पोर्ट उघडायला अर्धा मिनिट घेतात आणि तोवर विनपीईने विचारणा संपवलेली असते. अशा वेळी थोडं थांबून आयपीकॉन्फिग रिन्यू दिलं की काम होतं. या तिघांतली फक्त पहिलीच भानगड ड्रायव्हरची.

आता चिप ओळखायची. मशीनवर विंडोज चालू असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडीज. व्हीईएन पुढचे चार आकडे-अक्षरं म्हणजे कंपनी आणि डीईव्ही पुढची चार म्हणजे चिप. इंटेल ८०८६, रिअलटेक १०ईसी. डिस्क कोरी असेल तर विनपीईमध्येच रेग क्वेरी या कमांडने रजिस्ट्रीतल्या सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, ईनम, पीसीआय या शाखेत 'सीसी_०२००' शोधा. इथरनेटचा तो वर्ग क्रमांक आहे, ड्रायव्हर नसला तरी नोंद तिथे असते. क्लोनझिला या लिनक्सवरच्या क्लोनिंग टूलची पेनड्राइव्ह हाताशी असेल तर त्यातली एलएसपीसीआय ही कमांड हेच आकडे दाखवते.

मदरबोर्डच्या खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. 'इंटेल आय२१९-व्ही' हे नाव कित्येक पिढ्यांच्या बोर्डांवर आहे, पण डीईव्हीचा आकडा पिढीगणिक बदलतो. म्हणून जुन्या ड्रायव्हर पॅकमध्ये आय२१९ असूनही नव्या मशीनचं लॅन लागत नाही. रिअलटेकची गंमत उलटी. आरटीएल८१११ च्या वेगवेगळ्या आवृत्त्या ८१६८ हाच आकडा दाखवतात, फरक असतो तो पुढच्या आरईव्हीमध्ये, म्हणजे आवृत्तीच्या आकड्यात. ड्रायव्हरची आयएनएफ फाइल (तो कुठल्या चिपसाठी आहे याची यादी तिच्यात असते) नोटपॅडमध्ये उघडा आणि आपला आकडा शोधा. सापडला तरच ती फाइल आपली, आणि आरईव्ही दिलेला असेल तर तोही जुळायला हवा. या दोन मिनिटांच्या कामाला कंटाळून अख्खा ड्रायव्हर पॅक कोंबणारे बरेच भेटतात. विनपीई सगळं रॅममध्ये उघडतं, त्यामुळे बूट.विम (विनपीई ज्या फाइलमध्ये असतं ती) फुगली की जुन्या मशीनवर बूट रेंगाळतं, आणि नेमका कुठला ड्रायव्हर लागला हेही कळत नाही.

हवी असते ती आयएनएफ, एसवायएस आणि कॅट फाइलींची तिकडी. सेटअपची ईएक्सई विनपीईला चालत नाही. ती ७-झिपने फोडून आतलं विंडोज १० किंवा ११ चं ६४ बिट फोल्डर काढायचं. त्याहून सोपं म्हणजे ज्या मशीनवर लॅन चालतंय तिथून विंडोजच्या पीएनपीयूटिल कमांडच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हरने काढून घेणं. बूट.विमला हात लावायच्या आधी फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकून विनपीईमध्ये डीआरव्हीलोड (ड्रायव्हर तात्पुरता चढवणारी कमांड) आणि पुढे आयएनएफचा मार्ग द्या. मग नेटवर्क चालू करणारं डब्ल्यूपीईइनिट, मग आयपीकॉन्फिग. पत्ता आला की ड्रायव्हर बरोबर आहे, आता तो कायमचा बसवायचा.

त्यासाठी एडीके (मायक्रोसॉफ्टचा डिप्लॉयमेंट टूल्सचा संच) आणि त्याचं विनपीई अ‍ॅड-ऑन ही दोन वेगळी डाउनलोड लागतात. डिप्लॉयमेंट टूल्सची खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची. कॉपीपीईने फोल्डर तयार करा, डिझम या कमांडने बूट.विमचा इंडेक्स १ माउंट करा (फोल्डरसारखा उघडा), अ‍ॅड-ड्रायव्हरला रिकर्स लावून फोल्डर दाखवा आणि कमिट देऊन (बदल जतन करून) अनमाउंट करा. अनमाउंट अडलं तर बहुधा माउंट फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडं राहिलेलं असतं. ते बंद करून पुन्हा द्या. पेनड्राइव्ह आधीच बनवलेली असेल तर नव्याने फॉरमॅट कशाला? तिच्या सोर्सेस फोल्डरमधली बूट.विम बदलली की झालं. जुनी बूट.विम नाव बदलून ठेवा. आणि हे काम लॅपटॉपवर करा, कारण मे अखेरीला आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि कमिट अर्धवट राहिलं की ती विम गेली.

विजांच्या दिवसांत मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट मरतो, बाकी मशीन ठणठणीत. अशा मशीनला यूएसबी-लॅन अ‍ॅडॅप्टर लावतात आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा लागतो. इथे आयडीत व्हीईएन-डीईव्हीऐवजी व्हीआयडी (कंपनी) आणि पीआयडी (चिप) असतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या दोन चिप म्हणजे रिअलटेकची ०बीडीए-८१५३ आणि एएसआयएक्सची ०बी९५-१७९०. दोन्हींचे ड्रायव्हर आधीच घालून ठेवा. वायफायवर भिस्त ठेवू नका, साध्या विनपीईत ते चालत नाही.

ड्रायव्हर लागला, सर्व्हर दिसला, पण इमेज उतरायला तास लागतोय? तर लिंक बघा. १०० एमबीपीएसला सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी मिळतात, म्हणजे ४० जीबीला तासभर. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला १, २, ३ आणि ६ या चारच. समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या हवेने आरजे-४५ च्या पिनांवर हिरवट थर चढतो, एखादी जोडी सुटते आणि कार्ड गुपचूप १०० वर येतं. ड्रायव्हर बदलून काही होणार नाही. कनेक्टर कापून नवा क्रिम्प करा.

सर्व्हरचं फोल्डर जोडणाऱ्या नेट यूज कमांडला एरर ५३ आला तर सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी टाकून बघा, तरीही आला तर सर्व्हरचा फायरवॉल. १३२६ म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकलाय, नेटवर्कशी त्याचा संबंध नाही.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या मशीनवर बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क इंटेलच्या स्टोरेज कंट्रोलरमागे ठेवणारी सेटिंग) चालू असेल, तर लॅन लागूनही एनव्हीएमई डिस्क दिसत नाही. त्यासाठी इंटेल रॅपिड स्टोरेजचा व्हीएमडी ड्रायव्हर लागतो. तो याच पद्धतीने बूट.विममध्ये जातो, म्हणून लॅनसाठी माउंट करताना त्याच फेरीत घालून टाका.