४२९४९६७२९७ हा आकडा हाताने कसा फोडायचा

म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. हा २ चा ३२ वा घात अधिक १. सतराव्या शतकात फर्मा या गणितज्ञाला वाटलेलं की हा मूळ संख्या असणार, पण १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तो फोडला, आणि तोही कागदावर!

आधी सोप्या टेस्ट. शेवटी ७, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ पण बाद. आता असं एकेक करत वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५५३६ पर्यंत जायचं म्हटलं तर जीव जाईल. इथे ऑयलरची युक्ती वापरायची: याचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. म्हणजे फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... एवढेच तपासायचे, बाकी सगळे सोडून द्या.

आता ६४१ घ्या, आणि अख्खा भागाकार अजिबात करू नका, नुसती बाकी धरून वर्ग करत चला. २ चा ८ वा घात २५६, त्याचा वर्ग ६५५३६ (म्हणजे १६ वा घात), त्याला ६४१ ने भागलं की बाकी १५४. आता ३२ व्या घातासाठी याच बाकीचा वर्ग करा: १५४ चा वर्ग २३७१६, आणि ६४१ × ३७ = २३७१७, म्हणजे बरोब्बर १ कमी पडतो, आणि आपल्या आकड्यात तो १ आधीच मिळवलेला आहे, झाला की निःशेष भाग! मला तरी हे फार सुंदर वाटतं.

दुसरा विभाजक ६७००४१७, तोही मूळच. त्यामुळे एकूण विभाजक फक्त चार: १, ६४१, ६७००४१७ आणि तो स्वतः.