रेड वाईनची पहिली बाटली घेताय? या चुका टाळा

‘मला नाही बुवा आवडत रेड वाईन’ असं कुणी म्हणालं की मी दोनच गोष्टी विचारतो. कोणती प्यायलात आणि कुठे ठेवली होती? उत्तरं पाठ झाली आहेत. दुकानातली सगळ्यात भारदस्त दिसणारी कॅबर्ने सोव्हिन्यों (हे द्राक्षाच्या जातीचं नाव, वाईनलाही तेच) घेतलेली असते आणि ती कपड्यांच्या कपाटात ठेवलेली असते. मग तोंड वाकडं झालं तर बिचाऱ्या वाईनने काय करावं?

आधी कॅबर्नेचं बघू. द्राक्ष उत्तम, पण लहान मण्याचं आणि जाड सालीचं. रेड वाईनला रंग सालीतून येतो, आणि साल-बियांतूनच टॅनिनही उतरतं. कच्चं जांभूळ चावल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. ज्यांनी आजवर बिअर किंवा गोव्याहून आणलेली गोड पोर्ट एवढंच चाखलंय, त्यांच्या पुढ्यात हा तुरटपणा, ओक लाकडाच्या पिंपाचा वास आणि 14 टक्के अल्कोहोल एकदम आलं तर ते दुसरा घोट कशाला घेतील?

हलक्यापासून सुरू करा. (पुढची परदेशी नावंही बहुतेक द्राक्षांच्या जातींचीच.) परदेशी घेणार असाल तर पिनो न्वार, नाहीतर फ्रान्सच्या बोजोले भागातली गामे द्राक्षाची वाईन. दोन्ही पातळ अंगाच्या, फळांच्या चवीच्या आणि तुरटपणाला बेताच्या. आपल्याकडचंच हवं असेल तर नाशिकचं झिनफँडेल किंवा एखादी साधी मर्लो बघा. मग अकलूजच्या फ्रातेली या वाईन कंपनीची सांजोव्हेजे. शिराझ त्यानंतर. नाशिककडे ती चांगली पिकते आणि तिच्यातला मिरीचा झणका आपल्या जिभेला लवकर ओळखीचा वाटतो. कॅबर्ने शेवटी. हा क्रम कुठल्या पुस्तकातला नाही, मी घरी आलेल्यांना याच क्रमाने पाजतो. पण लोकांना धीर कुठे असतो? दोन रील बघून येतात, ग्लास गरागरा फिरवतात आणि त्यात चामडं नि तंबाखूचा वास शोधत बसतात. अहो, आधी आवडली की नाही ते तर सांगा.

किमतीवरून निवडणं ही भारदस्त दिसतं ते उचलण्याच्या चुकीचीच धाकटी बहीण. परदेशी बाटलीवर सीमाशुल्काचा मोठा बोजा असतो. इथे अडीच हजारांना मिळणारी बाटली तिच्या गावी अगदी रोजच्या जेवणातली असू शकते. तेवढ्यात आपल्याकडच्या दोन वेगवेगळ्या बाटल्या येतात, आणि शिकायला दोन कधीही बऱ्या. 375 मिलीलीटरची अर्धी बाटली मिळाली तर फारच छान.

आता माझा खरा राग ज्यावर आहे ते सांगतो: उष्णता. ‘रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची’ हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ आहे. ते युरोपातल्या जाड दगडी भिंतींच्या घरांबद्दल आहे हो, जिथे खोलीत 16 ते 18 अंश असायचे. पुण्यातल्या मे महिन्यातल्या हॉलबद्दल नाही. कोमट रेड वाईनमध्ये नाकाला आधी अल्कोहोल झोंबतं आणि फळाची चव कुठल्या कुठे जाते.

आमच्या एका मित्राने विमानतळावरून फ्रान्सच्या बोर्दो भागातली चांगली बाटली आणली आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला फोडायची म्हणून बेडरूमच्या माळ्यावर टाकली. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेली गच्ची. असे चार उन्हाळे गेले. कार्यक्रमाच्या दिवशी बाटली खाली आली तेव्हाच मला शंका आली. बूच कडेच्या वर आलेलं, त्याने वरची पन्नी फुगवलेली, आणि मानेवरून खाली वाळलेला चिकट ओघळ. आत वाईन तापून प्रसरण पावली की बूच असं वर ढकललं जातं. ग्लासात ओतली तर कडेला विटकरी तपकिरी रंग, वास उकडलेल्या मनुकांचा. यजमान म्हणतात, ‘बघ, कशी मुरलीय!’ मी गप्प बसलो, त्यांच्या आनंदावर कुठे पाणी ओता. पण जेवणात तांबडा रस्सा होता. एक घोट रश्शाचा, एक वाईनचा, की कानशिलं तापायची. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखटाची आग वाढवतात. शेवटी त्यांच्या मेहुण्याने सरळ कोला मागवला आणि वाईनमध्ये ओतला. (स्पेनच्या बास्क भागात तरुण मंडळी हेच मिश्रण कालिमोचो म्हणून आवडीने पितात. त्या रात्री तरी शहाणा मेहुणाच ठरला.)

तेव्हा दोन गोष्टी. एक, वाईन जितकी जुनी तितकी चांगली हे बहुतेक बाटल्यांना लागू नाही. बाजारातल्या बहुतेक रेड दोन-तीन वर्षांत प्यायच्या असतात. वर्षानुवर्षं ठेवायच्या बाटल्या मोजक्या, आणि त्यांनाही थंड, अंधारी, एकसारख्या तापमानाची जागा लागते. ती तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. म्हणून मी आणतो ती महिन्याभरात संपवतो. दोन, प्यायच्या आधी अर्धा तास बाटली फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात पाऊण तास. हॉटेलात कोमट आली तर बर्फाची बादली मागा. वेटर बघेल विचित्र नजरेने, बघू दे.

हाच नियम दुकानालाही. आपल्याकडच्या बऱ्याच वाईन शॉपमध्ये खरी गर्दी व्हिस्की आणि बिअरला असते. वाईन वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, उभी, धूळ खात. लेबलवरचं साल बघा. ते द्राक्षतोडणीचं साल असतं, आणि नाशिककडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्च असते. नेहमीच्या स्वस्त रेडवर चार-पाच वर्षांपूर्वीचं साल असेल तर ठेवून द्या. जिथे माल भराभर खपतो आणि एसी चालू असतो, तिथूनच घ्या, दोन किलोमीटर लांब पडलं तरी.

बाकी किरकोळ. गोव्याच्या स्वस्त गोड पोर्टवरून रेड वाईनचा अंदाज बांधू नका. पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली खरी पोर्ट द्राक्षाचं मद्यार्क घालून केलेली, सुमारे 20 टक्क्यांची वेगळीच चीज आहे. ‘रिझर्व्ह’ शब्दाला भुलू नका. स्पेनच्या रिओहात रेड ‘रिझर्वा’ म्हणवायला 3 वर्षं लागतात, त्यातलं निदान 1 वर्ष ओकच्या पिंपात. सगळीकडे असा नियम नसतो. फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाईन हा गैरसमज सोडा. ग्लास काठोकाठ भरू नका. बांगड्याबरोबर जड रेड नको, तोंडात लोखंड चाटल्याची चव येते. सुक्या मटणाबरोबर, खिम्याबरोबर, किंवा दाण्याचं कूट घातलेल्या बेताच्या तिखट भरल्या वांग्याबरोबर घ्या. प्रथिनं आणि स्निग्धपणा टॅनिनला नरम करतात.

आणि फोडलेली बाटली एका बैठकीत संपवायची सक्ती कुणी केलेली नाही. एका बाटलीत साधारण पाच ग्लास असतात, दोघांना ते जास्तच. बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी तीच वाईन पुन्हा चाखा, पहिल्या दिवशी टोचणारा तुरटपणा पुष्कळदा बसलेला असतो. आठवडा उलटला तर मात्र ती मटणाच्या पातेल्यात जाऊ द्या, कांदा परतून झाल्यावर, आणि मोठ्या आचेवर आटवा.