संस्थेच्या टीम सॉफ्टवेअरवर लावताना या चुका टाळा

नाशिकमधल्या छोट्या संस्थांची ऑफिसं लावून देण्याचं काम मी गेली बारा वर्षं करते आहे. कुणाची अभ्यासकेंद्रं पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर, कुणाचं पाळणाघर सातपूरच्या कामगार वस्तीत, कुणी दर रविवारी गोदाघाट झाडायला माणसं गोळा करतं. कामं वेगवेगळी, पण मला येणारा फोन एकच असतो: "ताई, ती फाइल कुणाकडे होती हो?" त्या फोनच्या मागे नेहमी त्याच चार-सहा चुका असतात. आता नवीन संस्था सॉफ्टवेअरवर येताना त्याच पुन्हा करताना दिसतात, म्हणून हे लिहिते.

काम संस्थेचं, खातं माणसाचं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. २०२३ च्या मे महिन्यात, शेवटच्या आठवड्यात, एका संस्थेच्या कोषाध्यक्षांनी घाईने बोलावून घेतलं. ८०जी खालच्या, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळणाऱ्या देणग्यांची माहिती फॉर्म १०बीडी भरून आयकर खात्याला ३१ मेपर्यंत द्यायची होती आणि देणगीदारांची शीट सापडत नव्हती. ती शीट सांभाळणारी समन्वयक एप्रिलच्या सुरुवातीला नोकरी बदलून पुण्याला गेली होती. ऑफिसात नव्याने आलेल्या एका मुलाने "जुनी खाती साफ करून टाकू" म्हणत तिचं गूगल वर्कस्पेसचं (गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेचं) खातं डिलीट केलं. खातं काढताना गूगल विचारतं की या व्यक्तीच्या ड्राइव्हमधल्या फाइली कुणाच्या नावावर करायच्या. त्याने ते न वाचताच पुढचं बटण दाबलं. काढलेलं खातं २० दिवसांच्या आत परत आणता येतं. मी पोहोचले तेव्हा दीड महिना उलटून गेला होता.

मग आम्ही चौघं तीन दिवस पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती घेऊन बसलो. नावं मिळाली, रकमा मिळाल्या. पॅन क्रमांक मात्र निम्म्या पावत्यांवर नव्हते. "शीटमध्ये आहेच की" म्हणून पावतीवर लिहायची सवय सुटली होती. एकेकाला फोन लावून पॅन मागितला. एक आजोबा म्हणाले, "मी तर दिला होता बाळ, तुमच्याकडून हरवला का?" फोन माझ्याच हातात होता आणि मला उत्तर सुचलं नाही. मुदत चुकली असती तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागलं असतं. ते वाचलं, ३१ तारखेला संध्याकाळी फॉर्म गेला. पण त्या आजोबांची देणगी पुढच्या वर्षी आली नाही.

त्या मुलाला सगळे रागावले. मला त्याचा राग आला नाही. शीट मुळात त्या समन्वयकाच्या माय ड्राइव्हमध्ये असायलाच नको होती. माय ड्राइव्हमधली फाइल ती बनवणाऱ्याच्या मालकीची असते, शेअर्ड ड्राइव्हमधली फाइल संस्थेच्या मालकीची असते. माणूस गेला तरी ती जागची हलत नाही. एवढा एक फरक पहिल्या दिवशी समजून घेतला तर अर्ध्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

"आम्ही आठच जण आहोत, साध्या जीमेलवर भागतंय" असं मला सांगणारे खूप भेटतात. भागतंय, कारण अजून कुणी सोडून गेलेलं नाही. पात्र नोंदणीकृत संस्थांना वर्कस्पेसची नॉनप्रॉफिट आवृत्ती गूगल फुकट देतं. कागद तपासून मंजुरी यायला वेळ लागतो, म्हणून लोक कंटाळतात आणि "तोवर माझ्या खात्यावर करू" म्हणतात. तो "तोवर" मग चार वर्षं चालतो. नंतर जीमेलवरच्या फाइलीची मालकी संस्थेच्या खात्याला थेट देता येत नाही, कॉपी करत बसावं लागतं. गूगल फॉर्मची कॉपी केली तर आधी आलेली उत्तरं त्या कॉपीत येत नाहीत. तीन वर्षांच्या पाहणीची उत्तरं अशी मागे राहिलेली मी पाहिली आहेत. मंजुरीची वाट बघा. तेवढे दिवस वही वापरा.

माणूस सोडून जातो त्या दिवशी मी काय करते तेही सांगते. त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसते. त्याचा ड्राइव्ह दोघं मिळून बघतो, संस्थेचं जे असेल ते तिथल्या तिथे शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवतो. मग चहा होतो आणि मग खातं सस्पेंड करते, म्हणजे लॉगइन बंद, पण फाइली जागच्या जागी. डिलीट करत नाही. त्या आर्थिक वर्षाचं ऑडिट पूर्ण होईपर्यंत ते तसंच ठेवते. नियमपुस्तकात असं लिहिलेलं नाही, ही माझी पद्धत आहे, आणि त्या मे महिन्यानंतर मी ती एकदाही मोडलेली नाही.

काम ठरायच्या आधीच टीम

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, रामकुंडाचा परिसर पाण्याखाली गेला. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं हे विचारत नाशिककर पुराचा अंदाज घेतात, तसे फोन त्या दिवशी सकाळपासून चालू होते. आम्ही मदतीला उतरलो. दुपारपर्यंत तीन व्हॉट्सॲप ग्रुप झाले: "पूर मदत", "पूर मदत नाशिक" आणि "पूर मदत फायनल". दोन वेगवेगळ्या शीटही झाल्या. सगळे मनापासून राबत होते, भिजत होते, स्वतःच्या खिशातून पेट्रोल टाकत होते. संध्याकाळी कळलं की नदीकाठच्या एका वस्तीत धान्याची पाकिटं दोनदा पोहोचली आणि नाल्यापलीकडच्या घरांत कुणीच गेलं नव्हतं. तिथल्या बायका रात्री नऊपर्यंत मुलांना पाव-चहावर ठेवून होत्या.

दोन्ही शीटमध्ये ती पहिली वस्ती होती. पलीकडची घरं दोन्हींत नव्हती, कारण प्रत्येकाला वाटलं की ती दुसऱ्यांच्या यादीत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकांनी मोठा कागद भिंतीला लावला. डावीकडे वस्त्यांची नावं आणि प्रत्येक वस्तीपुढे एकच नाव लिहिलं. "मदतीला कितीही जा, पण विचारीन मी याच माणसाला," म्हणाल्या. त्यानंतर एकही घर सुटलं नाही.

तेव्हापासून पहिल्या बैठकीला मी लॅपटॉप उघडत नाही. कागदावर तीन गोष्टी लिहून घेते: काम कोणतं, त्यात शेवटचा शब्द कुणाचा, आणि त्या कामातून शेवटी कोणता कागद किंवा अहवाल बाहेर पडतो. हे झालं की किती टीम हव्यात ते आपोआप दिसतं. पंधरा-वीस माणसांच्या संस्थेला बहुतेक वेळा चार पुरतात: हिशेब आणि देणग्या, क्षेत्रावरचं काम, प्रशिक्षण, कार्यालय. पहिल्याच संध्याकाळी मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये अकरा चॅनेल (विषयवार चर्चेच्या जागा) उघडून देणारी उत्साही मुलं मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, पण मी त्यांना दोन महिने थांबायला सांगते. जे काम खरंच चालू आहे आणि ज्याला जागा अपुरी पडते आहे, त्यालाच नवीन चॅनेल मिळावं.

टीमला नाव कामाचं द्या, माणसाचं नको. "ताईंची टीम" असं नाव ठेवलं की ताई गेल्यावर ते नाव बदलायचा संकोच होतो आणि टीम बेवारस पडते. माझी आवडती सोय म्हणजे गूगल ग्रुप. "हिशेब" नावाचा एक ग्रुप करते आणि शेअर्ड ड्राइव्हचा प्रवेश माणसांना न देता त्या ग्रुपला देते. नवीन माणूस आला की ग्रुपमध्ये घातला, गेला की काढला. पन्नास फाइलींची परवानगी एकेक करून तपासावी लागत नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी आतापासूनच स्वयंसेवकांच्या याद्या जमवणाऱ्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे: आधी भिंतीवरचा कागद, मग सॉफ्टवेअर. हजारभर माणसं एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये बसतात, त्याची मर्यादा १०२४ आहे. पण पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर कोण उभं राहणार हे त्या ग्रुपमध्ये कधीच ठरत नाही.

सगळेच ॲडमिन

"कुणाला वाईट वाटायला नको" म्हणून सगळ्यांना ॲडमिन करू नका. सुपर ॲडमिन, म्हणजे सगळी खाती आणि परवानग्या बदलू शकणारे, दोनच असावेत, एक ऑफिसातला आणि एक विश्वस्त. एकच ठेवला तर तो आजारी पडला की सगळं अडतं. क्षेत्रावरच्या कार्यकर्त्यांना शेअर्ड ड्राइव्हमध्ये "काँट्रिब्युटर" ही परवानगी द्या. त्यांना फाइल टाकता येते, बदलता येते, पण चुकून डिलीट करता येत नाही किंवा दुसरीकडे हलवता येत नाही. हा अविश्वास नाही. बसमध्ये उभ्याने फोन चालवणाऱ्या माणसाला दिलेला तो आधार आहे.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती) द्यायचा असतो, हे प्रत्येक संस्थेला पाठ असतं. तोच विश्वस्त सॉफ्टवेअरमधून काढायचं मात्र कुणाला आठवत नाही. मी ठरावाच्या मसुद्यातच एक ओळ घालते, की अमुक यांचा प्रवेश आजच्या तारखेपासून बंद. ठराव वाचला जातो, म्हणून कामही होतं.

आधारचे फोटो ग्रुपवर

हे बघितलं की मला खरोखर संताप येतो. लाभार्थी बाईचं आधार कार्ड, तिच्या मुलीचा फोटो, पाड्याचं नाव, सगळं साठ जणांच्या ग्रुपवर. कार्यकर्तीचा फोन घरात मुलगाही वापरतो, दीरही वापरतो. त्या बाईने तुमच्यावर विश्वास ठेवून कागद दिला होता. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, पण कायदा नसता तरी हे चूकच होतं. कागदपत्रांसाठी वेगळा ड्राइव्ह करा, तो तीन-चार जणांपलीकडे उघडू नका आणि ग्रुपवर फक्त "कागद मिळाले" एवढंच लिहा.

नेटवर्क गृहीत धरणं

कॉलेज रोडवरच्या ऑफिसात बसून बनवलेली ऑनलाइन शीट सुरगाण्याच्या घाटापलीकडे उघडत नाही. मग कार्यकर्ती वहीत लिहिते, शनिवारी तालुक्याला येऊन फोटो पाठवते आणि ऑफिसात तिला "अपडेट करत नाही" म्हणून बोल लावतात. पाहणीसाठी कोबोसारखं ॲप द्या. त्याच्या फोनवरच्या ॲपमध्ये माहिती नेटवर्कशिवाय भरता येते आणि रेंज आली की पाठवता येते. ते देण्याआधी एक दिवस स्वतः तिच्यासोबत पाड्यावर जा. मी गेले होते तेव्हा कळलं की आमच्या फॉर्ममधले सात प्रश्न तिथल्या बायकांना समजतच नव्हते.

आता राहिलेल्या बारीक गोष्टी. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा ओटीपी एकाच माणसाच्या फोनवर ठेवू नका. गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते छापून पाकिटात घालून पावतीपुस्तकांच्या कपाटात ठेवा. फाइलच्या नावात "नवीन" आणि "फायनल" हे शब्द नकोत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. टीम्समधली टीम चुकून काढली गेली तर ३० दिवसांत परत आणता येते, पण त्याच दिवशी सांगायचं असतं, दबत दबत महिन्याने नाही.

आणि डोमेन, म्हणजे संस्थेच्या संकेतस्थळाचं आणि ईमेलचं नाव, कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. एका संस्थेचं डोमेन संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाच्या नावावर होतं. तो मुलगा परदेशी गेला आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या. डोमेन गेलं की त्यावरचे सगळे ईमेल पत्ते बंद पडतात, आणि प्रत्येक टीमचं लॉगइन त्याच पत्त्यांवर बांधलेलं असतं. आम्ही त्याच्या आईचा पत्ता शोधून सिडकोत त्यांच्या घरी गेलो, त्यांनी व्हिडिओ कॉल लावून दिला. मुदत संपायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.