पुस्तक वाचून झालं, आता चार ओळी मत लिहायचं कसं? लव्ह स्टोरीपासून पोरांच्या चित्रपुस्तकापर्यंत

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावात एक छोटं वाचनालय आहे, देवळाच्या अग्रशाळेतली (म्हणजे धर्मशाळेतली) एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक बाक आणि बाकावर एक जाड वही. पुस्तक परत करताना प्रत्येकाने त्या वहीत चार ओळी लिहायच्या असा नियम मीच काढला, आणि पहिली वीस पानं भरली ती अशी: छान आहे, खूप छान, वाचनीय, अप्रतिम, सुंदर. एकाने तर पेनने नुसता अंगठा काढून ठेवला होता, व्हॉट्सॅपवाला. आता ही वही बघून पुढचं पुस्तक कोणी कसं निवडायचं सांगा.

माझी स्वतःची चूक तर याहून मोठी. एका कादंबरीवर मी लिहिलं होतं, 'गोड लव्ह स्टोरी, एका बैठकीत संपते.' शेजारच्या काकींनी ते वाचून पुस्तक दहावीतल्या नातीसाठी नेलं आणि आठवड्याने परत आणलं ते पेपरात गुंडाळून, वर सुतळी बांधून. 'गो बाय, गोड म्हूण बरयलां तुवें. हें गोड?' (गोड म्हणून लिहिलंस तू, हे गोड?) बरं, पुस्तक गोड होतं हो खरंच, पण मधली दोन प्रकरणं दहावीच्या मुलीसाठी नव्हती, आणि तेवढंच लिहायला मी विसरले होते. तेव्हापासून मी मत लिहिताना एकच बघते, हे वाचून समोरच्याला कळलं पाहिजे की हे पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही. मला आवडलं की नाही हे त्याच्या मागून.

तर मी आता कसं करते ते सांगते, तुम्हाला जमेल तेवढं घ्या.

१. वाचतानाच खुणा करा

वाचून झाल्यावर आठवून लिहीन म्हटलं की काही आठवत नाही, फक्त शेवट आठवतो. म्हणून मी बसच्या जुन्या तिकिटांचे तुकडे पुस्तकात ठेवते आणि त्यावर एक शब्द लिहिते. दोनच प्रकारच्या खुणा. जिथे वाचता वाचता थांबले, म्हणजे हसू आलं, राग आला, वाक्य परत वाचावंसं वाटलं, ती एक. आणि जिथे दोन पानं गाळून पुढे गेले ती दुसरी, ही खूण ठेवायला लाज वाटते पण कामाला हीच जास्त येते. 'पान ११२, डुलकी' एवढं पुरतं. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल मात्र चालवू नका.

२. एक रात्र जाऊ द्या, मग कोणाला तरी तोंडी सांगा

मी बहिणीला फोन करते. ती म्हणते काय वाचलंस गे, आणि मी जे पहिलं वाक्य बोलते तेच बहुतेक वेळा वहीतलं पहिलं वाक्य होतं. तोंडी सांगताना आपण 'लेखकाची शैली ओघवती आहे' असं बोलत नाही ना, आपण म्हणतो 'अगं त्यातली सासू आहे ना, डिट्टो आपल्या मावशीसारखी.' ते लिहा.

३. पुस्तकाचा प्रकार बघून प्रश्न बदला

सगळ्या पुस्तकांना एकच फूटपट्टी लावली की गडबड होते. प्रेमकथेला 'शेवट आधीच कळला' म्हणून नावं ठेवणारे लोक असतात, त्यांना काय सांगणार, प्रेमकथेत शेवटी दोघं एकत्र येणार हे ठरलेलंच असतं, वाचणारी त्यासाठीच तर पुस्तक उचलते. बघायचं ते दुसरंच. दोघं लांब का आहेत? कारण खरं आहे की एका फोनने मिटलं असतं असा गैरसमज तीनशे पानं ताणलाय? हिरो कसा वागतो? नायिका नको म्हणाली तर ऐकतो की मागे लागतो, आणि लेखकाला ते मागे लागणं म्हणजेच प्रेम वाटतंय का? हिला स्वतःचं काही काम, मैत्रिणी, डोकं आहे का? आणि शेवटचं, काकींमुळे शिकलेलं, शारीरिक वर्णन किती मोकळं आहे ते एका ओळीत सरळ लिहून टाकायचं. तिथे लाजून 'जरा धीट आहे' लिहिलं तर कोणालाच काही समजत नाही. मी आता लिहिते, 'दोन प्रकरणांत शरीरसंबंधांचं सविस्तर वर्णन, मोठ्यांसाठी.' कोणाला ते नको असतं, कोणाला तेच हवं असतं, दोघांचंही काम होतं.

चित्रपुस्तकांवर जरा जास्त लिहिणार आहे कारण त्यांच्यावर सगळ्यात वाईट मतं लिहिली जातात. 'रंगीत चित्रं, मुलांना आवडेल, चांगली शिकवण.' बस. अहो, रंगीत तर बिस्किटाचा पुडाही असतो.

चित्रपुस्तक बहुतेक वेळा २४ किंवा ३२ पानांचं असतं, कारण छापखान्यात मोठ्या कागदाला घड्या घालून ८ किंवा १६ पानांचा फॉर्म होतो आणि पानं त्या पटीत बसवावी लागतात. एवढ्याशा जागेत गोष्ट सांगायची म्हणजे अर्धं काम चित्रांनी करायचं असतं. म्हणून तीनदा वाचा, तसंही दहा मिनिटांचं काम आहे. एकदा शब्द झाकून नुसती चित्रं बघा, गोष्ट कळते का. एकदा मोठ्याने वाचा, कारण हे पुस्तक कानाने ऐकलं जाणार आहे, जीभ अडखळली तर खूण करा. आणि तिसऱ्यांदा पोराला मांडीवर घेऊन, आणि तेव्हा पुस्तकाकडे बघूच नका, पोराच्या बोटाकडे बघा.

माझ्या भाचीबरोबर असं झालं, ती तेव्हा चार वर्षांची. पुस्तकात लिहिलं होतं एवढंच की आजी दुपारी झोपली. मी वाचलं आणि पान उलटायला गेले तर हिने हात धरला. बोट चित्राच्या कोपऱ्यात. तिथे मांजर फळीवर चढून मासळीच्या टोपलीकडे निघालेलं होतं, ज्याचा शब्दांत पत्ताच नाही. पुढच्या प्रत्येक पानावर तिने आधी मांजर शोधलं आणि मग मला वाचायची परवानगी दिली. मी ते पुस्तक आधी एकटीने वाचलेलं, मला मांजर दिसलंच नव्हतं. त्या दिवशी वहीत लिहिलं, 'आजीची गोष्ट ठीक, पण मुलं मांजराची गोष्ट वाचतात, ती चित्रांतच आहे, घाई करू नका.' ते पुस्तक पुढे इतक्या घरी फिरलं की आता पुठ्ठ्याला चिकटपट्टीच जास्त.

अजून एक, आपल्या गोव्यातल्या लोकांसाठी. इथली बरीच पोरं घरी कोंकणी बोलतात आणि मराठी शाळेत वाचतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या पुस्तकात बेडूक येतो आणि पोर म्हणतं हा तर बेबो. तिथे चुकीचं काही नाही, उलट गंमत आहे, दोन्ही शब्द घेऊन वाचा. पण पुस्तकात दर पानावर अनोळखी शब्द, न बघितलेली थंडी, शेकोटी, ऊस असं सगळंच असेल तर 'थोडं समजावून सांगावं लागतं' असं लिहा, शिक्षक आणि आया तुम्हाला दुवा देतील. आणि शेवटच्या पानावर 'म्हणून मुलांनो' करून उपदेश चिकटवलाय का तेही सांगा. माझं मत विचाराल तर ते पान मी वाचतच नाही.

वय लिहिताना 'लहान मुलांसाठी' नको. दोन वर्षांचं पोर पुस्तक तोंडात घालतं, त्याला जाड पुठ्ठ्याचं लागतं, सहा वर्षांचं एकेक अक्षर जुळवून वाचतं, त्याला मोठा टाइप आणि पानावर दोन-तीन ओळी लागतात. कोणत्या वयाच्या पोराला वाचून दाखवलंत ते लिहा, पुरे. हात बसवायचा असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे ऑनलाइन, तिथे मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, पाच वाचा आणि पाचांवर दोन-दोन ओळी लिहा. पणजीला जाणं होत असेल तर पाट्टोवरची सेंट्रल लायब्ररी आहेच, १८३२ सालची संस्था, नवीन इमारत मोठी आहे, पोरांना घेऊन जा.

बाकीचे प्रकार पटापट. रहस्यकथेत खुनी कोण ते सोडा, पण अर्ध्यात ओळखू आला का तेवढं सांगा. पाककृतीच्या पुस्तकावर एकतरी पदार्थ केल्याशिवाय लिहू नका, आणि मापं बघा. आपण अर्धा नारळ म्हणतो, पुस्तक पाव वाटी किसलेलं खोबरं म्हणतं, आणि तेवढ्या नारळात हुमण, म्हणजे आमची मासळीची आमटी, काय होणार कपाळ. मासळीच्या आमटीत तिरफळ नसेल तर तेही नोंदवा. कवितेचं पुस्तक सलग वाचू नका, रोज दोन, मोठ्याने. बाकीबाब बोरकर आमच्या शेजारच्या बोरीचे, मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहिणारे, त्यामुळे आमच्याकडे कविता कानाने पारखायची सवय आहे असं आम्हाला उगाच वाटतं.

इतिहासाच्या पुस्तकाला माझी एक परीक्षा आहे. आपल्याला पक्की माहीत असलेली एक गोष्ट त्यात शोधायची. गोव्यावरच्या पुस्तकात 'संपूर्ण गोव्यावर साडेचारशे वर्षं पोर्तुगीज सत्ता' असं सरसकट वाक्य दिसलं की मी सावध होते. तिसवाडी १५१० मध्ये गेली, बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये, पण आमचं फोंडं, तिकडे डिचोली, सत्तरी, पेडणे, हे सगळं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आलं, म्हणून तर त्याला नव्या काबिजादी म्हणतात आणि म्हणून तर पोर्तुगीज आधीच्या मुलखातली देवळं पाडायला लागले तेव्हा इतकी देवळं फोंड्यात हलवून आणलेली. हे ज्याला माहीत नाही त्याच्या बाकीच्या पानांवर किती विश्वास ठेवायचा ते मी वहीत लिहिते, पान नंबरासकट. तुमच्या विषयातली अशी एखादी गोष्ट तुमच्याकडे असेलच.

४. आता चार ओळी

पहिल्या ओळीत पुस्तक काय आहे आणि कोणासाठी. दुसरीत एक जागा, पानासकट, जिथे तुम्हाला काहीतरी झालं. तिसरीत काय खटकलं. चौथीत वापराची माहिती: पानं, टाइप बारीक आहे का, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव (हे सगळे विसरतात, आणि भाषा आवडली तर खरं श्रेय त्या माणसाचं असतं), बांधणी कशी. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकाची पानं ऑगस्टपर्यंत सुटी होऊन हातात येतात, शिवलेलं असेल तर टिकतं. विकत घेणाऱ्याला हे गोष्टीइतकंच महत्त्वाचं आहे.

काकी पुस्तक परत देऊन गेल्यावर मी ती जुनी नोंद खोडून अशी लिहिली:

'नर्स आणि बोटीवरचा इंजिनिअर, लग्न मोडलेल्या दोघांची प्रेमकथा, मोठ्यांसाठी, दोन प्रकरणांत शरीरसंबंधांचं सविस्तर वर्णन. पान ८४ वर ती त्याला मीठ आणायला पाठवते आणि तो साखर आणतो, तिथे मी मोठ्याने हसले. हिरोची आई खलनायिका करून टाकलीय, ते फुकट. २१० पानं, टाइप बरा, चष्मा लागतो.'

स्टार द्यायचे असतील तर द्या, पण नुसते तीन स्टार म्हणजे काय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.

५. नाही आवडलं तर

'मला कंटाळा आला' आणि 'पुस्तक वाईट आहे' या दोन वेगळ्या गोष्टी, पहिली लिहायला कधीच हरकत नाही. अर्धवट सोडलंत तर 'पान ६० वर सोडलं' लिहा, पूर्ण वाचल्याचा आव आणू नका. आता खरी पंचाईत. गोवा केवढासा, ज्याचं पुस्तक आहे तो लेखक पुढच्या लग्नात पंगतीला तुमच्या शेजारी बसतो, नाहीतर नवऱ्याच्या ऑफिसातला निघतो. मग सगळे 'अप्रतिम' लिहून मोकळे होतात आणि त्या बिचाऱ्याला पाच पुस्तकं झाली तरी कळत नाही की त्याचे संवाद भाषणासारखे वाटतात. मी असं करते, ओळख आहे हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, मग जे चांगलं आहे ते नेमकं सांगते आणि जे जमलं नाही ते एकच, सगळ्यात मोठं, तेवढंच. टोमणा नाही. लेखकाच्या दिसण्यावर, जातीवर, घरावर एक अक्षर नाही. एका लेखकाने माझ्याशी दोन महिने बोलणं टाकलं होतं, मग चवथीला, म्हणजे गणपतीत, घरी आला आणि नेवऱ्या खाता खाता म्हणाला, संवाद बदलतोय.

६. खाली जागा सोडा

तारीख घाला, नाव घाला, आणि खाली चार-पाच ओळी कोऱ्या ठेवा, दुसऱ्याला भांडायला. पोरांनाही लिहू द्या, लिहिता येत नसेल तर चित्र काढू दे. माझ्या भाचीने मांजर काढलंय, टोपलीपेक्षा मोठं. आणि वही असेल तर जेलपेन नको, बॉलपेनने लिहा, जुलैत पानं ओलसर होतात आणि जेलची शाई पसरून मागच्या पानावर उतरते, आमची सुरुवातीची सहा पानं अशीच गेली. त्यात बरीचशी 'छान'च होती म्हणा.