रक्त-मेंदू अडथळा जिथे नसतो: पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी

यवतमाळकडच्या खेड्यातून, मराठी शाळेतून मी एमबीबीएसला आलो. तुमच्यातही तसे बरेच असतील. रक्त-मेंदू अडथळा म्हणजे रक्तातले बरेच पदार्थ मेंदूत शिरू न देणारी केशवाहिन्यांची भिंत. मेंदूतल्या पोकळ्यांभोवती (व्हेंट्रिकल) काही छोट्या जागा आहेत, त्यातल्या बहुतेकांत हा अडथळा नसतो; त्या म्हणजे सरकमव्हेंट्रिक्युलर ऑर्गन्स. त्यांची यादी घोकत बसू नका. प्रत्येक जागेला एकच विचारा: इथे रक्त चाखायचंय, की रक्तात काही सोडायचंय?

मे महिन्यात वावरातून आलेला माणूस आधी पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो. घामातून मिठाच्या मानाने पाणी जास्त गेलेलं असतं, त्यामुळे रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, चढते. एरवी ती किलोमागे २८५ ते २९५ मिलिऑस्मोलच्या आसपास असते. एक-दोन टक्के वाढली तरी तहान लागते. हा फरक ओळखणाऱ्या पेशी तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या पुढच्या भिंतीत, ओव्हीएलटी (ऑर्गॅनम व्हॅस्क्युलोसम) नावाच्या जागेत आहेत. तिथल्या केशवाहिन्यांना छिद्रं असतात. शेजारच्या सबफॉर्निकल ऑर्गनलाही तशीच. अँजिओटेन्सिन-२ हे रक्तातलं हार्मोन अडथळा ओलांडू शकत नाही, पण इथे थेट पोचतं आणि पाणी पी म्हणून सांगतं.

माझ्या सगळ्यात आवडीची जागा म्हणजे एरिया पोस्ट्रेमा, चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळाशी, खालच्या टोकाला. रक्तात विषारी काही आलं की तिला कळतं आणि उलटी होते. हे नीट समजलं की फार्माकॉलॉजी निम्मी सोपी होते. डॉमपेरिडोन हे उलटीवरचं औषध अडथळ्यातून फारसं आत जात नाही, तरी उलटी थांबवतं, कारण एरिया पोस्ट्रेमा अडथळ्याबाहेरच आहे. मेटोक्लोप्रमाइड हे दुसरं उलटीवरचं औषध मात्र आतही शिरतं आणि हालचाली सांभाळणाऱ्या बेसल गँग्लियातले डोपामिन रिसेप्टर अडवतं. म्हणून एखाद्या लहान मुलाची मान अचानक वाकडी होते, डोळे वर फिरतात, आणि घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं. उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तुमच्यासमोर असं लेकरू आलं, तर आधी कोणतं औषध दिलं होतं ते विचारा.

सोडणाऱ्या जागा सोप्या आहेत. पोस्टिरियर पिट्युटरी एडीएच (शरीरात पाणी राखणारं हार्मोन) आणि ऑक्सिटोसिन सोडते, पिनियल मेलाटोनिन, आणि मेडियन एमिनन्समधून हायपोथॅलॅमसचे हार्मोन पिट्युटरीकडे जाणाऱ्या पोर्टल रक्तात उतरतात.

व्हायव्हाआधी (तोंडी परीक्षेआधी) मेंदूचा मधोमध उभा छेद स्वतःच्या हाताने काढा आणि तिसऱ्या आणि चौथ्या व्हेंट्रिकलभोवती या जागा मांडा. सबकमिशरल ऑर्गन वेगळ्या रंगाने दाखवा: नाव याच यादीत येतं, पण त्याच्या केशवाहिन्यांत अडथळा शाबूत असतो.