झेरॉक्स मशीन टेम्पोत चढवायच्या आधी हे करा
ऑफिसचं मोठं झेरॉक्स मशीन हलवायचंय ना, मग आधी बंद करून फ्यूजर (पूड तापवून कागदावर चिकटवणारा भाग) गार होऊ द्या आणि टोनर (छपाईची पूड) आणि वेस्ट टोनरचा, म्हणजे वाया गेलेल्या पुडीचा डबा, दोन्ही बाहेर काढा, कारण मशीन जरा कललं की ती बारीक काळी पूड आतभर पसरते आणि मग प्रिंटवर डाग नि रेघा, साफ करताना जीव जातो. ड्रम (ज्यावर छपाईचं चित्र उमटतं तो रूळ) काढलात तर काळ्या पिशवीत गुंडाळा, उजेडाने खराब होतो. स्कॅनरला लॉकचा स्क्रू असेल तर लावाच, काचेखालचा कॅरेज (स्कॅन करणारा सरकता भाग) दणक्याने सरकतो. ट्रेमधले कागद काढून ट्रे, दारं टेपने बंद करा. फिनिशर (प्रिंट लावून स्टेपल करणारा जोडभाग) असेल तर वेगळा न्या. टेम्पोत मशीन उभंच हवं, पट्ट्याने घट्ट बांधलेलं, आणि हमालांना आधीच सांगा, ट्रेला धरून उचलायचं नाही म्हणजे नाही.