स्पाइसबॉम्ब एक्स्ट्रीम की ले मेल ले परफ्यूम: थंडीसाठी कुठला घ्यायचा

डिसेंबर लागला की मित्रांचं सुरू होतं, गोड-उबदार वासाचा एकच परफ्यूम घ्यायचाय, व्हिक्टर अँड रोल्फचा स्पाइसबॉम्ब एक्स्ट्रीम घेऊ का जेपीजीचा (जाँ पॉल गॉतिएचा) ले मेल ले परफ्यूम? दोन्ही मस्तच आहेत रे, पण तुझी थंडी किती वाजेपर्यंत टिकते ते आधी सांग.

म्हणजे बघ, पुण्यात सकाळी सातला १०-१२ डिग्री आणि दुपारी दोनला २८, स्वेटर कधीच बॅगेत गेलेलं असतं. गारव्यात वास हळूहळू उडतो म्हणून व्हॅनिला, तंबाखू असले जड प्रकार छान वाटतात, तेच ऊन लागलं की डोकं उठवतात.

स्पाइसबॉम्ब एक्स्ट्रीम २०१५ चा, बाटली हातबॉम्बसारखी. मारल्या मारल्या मिरी-दालचिनी, मग तंबाखू आणि व्हॅनिला. तंबाखू म्हणजे पुडीतली नाही हं, वाळल्या पानाचा मनुक्यासारखा गोडसर वास. मी पहिल्यांदा लावला तेव्हा आई आतून ओरडली, मसाल्याचा डबा कोणी उघडा टाकलाय? ले मेल ले परफ्यूम २०२० चा, त्यात वेलची, लॅव्हेंडर, आयरिस (पावडरीसारखा वास) आणि खाली व्हॅनिला. सलूनमधून दाढी करून थेट श्रीखंडाच्या ताटावर बसल्यासारखं, पण नीटनेटकं.

आता ट्राय कसा करायचा, तर दुकानातल्या कागदाच्या पट्टीवर अजिबात ठरवू नकोस. एका मनगटावर हा, दुसऱ्यावर तो, एकेकच स्प्रे, मनगटं घासायची नाहीत, आणि सरळ बाहेर पडायचं. पहिली दहा मिनिटं दोन्ही भारीच वाटतात, खरा वास अर्ध्या-पाऊण तासाने कळतो. मग चहा पी, बाईकवर एक चक्कर मार, दुपारी उन्हात परत हुंगून बघ, आणि घरच्यांना विचार कारण तोवर आपलं नाक सरावलेलं असतं. जमलं तर दोन्हीचे ५ एमएलचे डिकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत काढून दिलेले) घे, आठवडाभर वापर. मी एकदा सेल बघून न हुंगताच अख्खी बाटली मागवली होती, ती अजून कपाटात तशीच आहे.

माझं मत विचारशील तर ऑफिस, एसी, लग्नं सगळं एकातच भागवायचं असेल तर ले मेल, दुपारी तोच कमी त्रास देतो. संध्याकाळी बाहेर असतोस, नाशिक-निफाडकडचा आहेस किंवा परदेशात खऱ्या बर्फात राहतोस, तर डोळे झाकून स्पाइसबॉम्ब.

कुठलाही घे, दोन-तीन स्प्रे बास. थंडीत कातडी कोरडी पडते आणि वास टिकत नाही, त्यामुळे आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव. आणि पांढऱ्या शर्टावर मारू नकोस, व्हॅनिलावाल्यांचा पिवळट डाग पडतो, माझी एक कॉलर गेलीये.